कुत्रा कुठे झोपला, ते लिहा

माझ्या बॉयलरला परक्या माणसानं हात लावलेला मला कधी खपला नाही. आणि हा गृहस्थ आला तो पहिल्याच दिवशी, नमस्कार नाही चमत्कार नाही, सरळ माझ्या वाफेच्या पाइपावर तळहात ठेवून उभा राहिला. चटका बसलाच. हात झटकला, पण "आई गं" म्हणायच्या ऐवजी तोंडातून निघालं काय, तर "अरेरेरे!" जसं काही पाइपालाच भाजलं होतं.

"कोन पायजे?" मी आवाज चढवला.

"हा कोण?" त्यानं उलट मलाच विचारलं. बोट होतं पाइपाच्या वळणाखाली झोपलेल्या आमच्या कंपनीच्या तांबड्या कुत्र्याकडे.

"कुत्रा हाय. दिसत नाय?"

"रोज इथेच झोपतो?"

"थंडीत हितंच. मग?"

"मग हा कुत्रा तुमच्या शेठच्या पैशानं शेकतोय," तो म्हणाला, आणि लोक खिशातून पेन काढतात तसा थर्मामीटर काढून त्यानं कुत्र्याच्या शेजारी जमिनीवर टेकवला. कुत्र्यानं एक डोळा उघडला, माणूस बघून घेतला आणि पुन्हा मिटला. जनावराला माणूस लगेच कळतो म्हणतात. मला वेळ लागला.

मुरबाडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना तसा लहानच. रंगाच्या मोठ्या कारखान्यांना लागणारा एक कच्चा माल आम्ही करायचो. रिअ‍ॅक्टर म्हणजे झाकणबंद भला मोठा टोप. त्यात माल, पाणी, थोडं अ‍ॅसिड आणि बिडाच्या लोखंडाचा कीस टाकायचा आणि दिवसभर उकळायचं. उकळायला वाफ माझी. शेवटी माल निघायचा, आणि मालापेक्षा जास्त काळा गाळ निघायचा. त्या गाळाचं काय करायचं या काळजीनं शेठचे केस गेले होते. म्हणून त्यांनी या साहेबाला आणलं. साठी उलटलेला, एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला, आसनगावला एका खोलीत भाड्यानं एकटा राहणारा. काम एकच, गाळही नको आणि एवढं उकळणंही नको अशी काहीतरी रीत शोधायची.

सरळ सांगायचं तर माझा बॉयलर बंद करायला.

मी शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा. परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढणारा आमच्या पाड्यावरचा मी पहिला. ते सर्टिफिकेट फ्रेम करून घरात देवांच्या शेजारी लावलेलं आहे आणि आमची ही दिवाळीला त्यालाही हळदकुंकू लावते. बॉयलर गेला तर त्या कागदाला विचारतो कोण? आणि ज्याच्यामुळं तो जाणार, तो माणूस माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पिऊन वर मलाच म्हणत होता, "चहा फार उकळता हो तुम्ही."

मला तो "अग्निहोत्री" म्हणायचा. "काय अग्निहोत्री, आज किती लाकडं स्वाहा?" आमच्या सात पिढ्यांत कोणी होम केला नाही. आधी मी चिडायचो. नंतर दुसऱ्या कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायला उशीर व्हायला लागला.

आल्यावर चार दिवसांत त्यानं माझ्या बॉयलरच्या वहीत हात घातला. त्या वहीत दर तासाला प्रेशर, पाण्याची पातळी, लाकूड किती गेलं ते लिहायचं असतं. त्यानं पट्टीनं रेघ मारून शेवटी एक नवा रकाना काढला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कुत्रा."

"ह्ये काय?"

"कुत्रा कुठे झोपला, ते लिहा. रोज."

"साहेब, मी बॉयलर सांभालतो. कुत्रा नाय."

"तोच तर तुमच्यापेक्षा बरा सांभाळतो. जिथे ऊब गळते तिथे तो झोपतो. मला यंत्र आणायला शेठ पैसे देणार नाहीत. हे यंत्र फुकट आहे, फक्त पोळी टाकावी लागते."

मग मी लिहायला लागलो. सोमवार, पाइपाचं वळण. साहेबानं तिथं काचेची लोकर गुंडाळून वर पत्रा मारून घेतला. गुरुवार, मोठ्या व्हॉल्व्हखाली. तिथंही गुंडाळलं. कुत्रा बिचारा जागा बदलत बदलत अख्खा कारखाना फिरला आणि महिन्याभरात माझी लाकडाची रास सावकाश संपायला लागली. बॉयलर तपासायला आलेल्या एका सरकारी इन्स्पेक्टरांनी वही उघडली, "कुत्रा: पंपामागे" वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वहीकडे बघितलं आणि काही न बोलता सही करून गेले. शहाणे होते.

ऊब वाया गेलेली या माणसाला सोसायचीच नाही. घरी डाळभाताला एक उकळी आली की गॅस बंद. पातेलं गोधडीत गुंडाळून खाटेवर ठेवायचं आणि अंघोळीला जायचं. येईपर्यंत डाळ आपली आपण शिजलेली. खिडकीतून बघून घरमालकीणबाईंना वाटलं, म्हातारा कुणाचं तान्हं पोर घेऊन राहिलाय. त्यांनी बाळंतविडा म्हणून झबलं आणलं. ते झबलं त्यानं परत दिलं नाही. पातेल्याला बरोबर बसलं म्हणाला.

त्याची स्कूटर होती जुनी. आसनगावहून येताना शेणव्याच्या फाट्यावर मला मागे बसवून घ्यायचा. उतार आला की इंजिन बंद. "साहेब, मरू आपन!" मी ओरडायचो. "उतारावर पेट्रोल जाळणं म्हणजे झोपलेल्याला अंगाई म्हणणं," तो पुढून ओरडायचा. बैलगाडीवाले आम्हाला मागे टाकून जायचे. एकदा एक म्हातारी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन आमच्या शेजारून चालत होती. तिनं विचारलं, "गाडी बिघडली का रे बाबा?" साहेब म्हणाला, "नाही आजी, सुधारली."

आणि लसूण. अहो, त्या लसणीनं आम्हाला आणलं होतं रडकुंडीला! त्याच्या प्रयोगाच्या खोलीत लसूण खाऊन यायला बंदी. दारावर त्यानं नियमांचा एक कागद चिकटवला होता. त्यात लसणीवरच अकरा ओळी होत्या. डब्यात लसणीची चटणी असेल तर जेवण बाहेर जांभळीखाली, जेवल्यावर तीन चुळा, हात साबणानं. कांदा संशयित. काडेपेटी बंद. कामगार म्हणायचे, साहेब माळकरी असणार. मी एकदा विचारलंच.

"माळ कुठली? सुके बोंबील खातो मी. लसणीत गंधक असतं, अग्निहोत्री. काडीच्या गुलातही असतं. आणि माझी भुकटी गंधकाला भिते."

भुकटी म्हणजे एका स्टीलच्या डब्यात ओली करून ठेवलेली काळी कुळकुळीत पूड. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं मशेरी. मला सकाळी मशेरी लावायची सवय, आणि डबा उघडाच होता. बोट बुडवून दाताकडे नेणार एवढ्यात साहेब असा किंचाळला की जांभळीवरचे कावळे उडाले.

"अहो, सोन्याच्या तोडीची मशेरी आहे ती! बोट धुवा! या वाटीत धुवा, आणि ते पाणी फेकू नका!"

बोटावरची ती पूड त्यानं गाळून परत घेतली. माझं बोट तीनदा धुतलं. लग्नात माझे पाय सुद्धा सासऱ्यानं इतके निगुतीनं धुतले नव्हते.

त्या पुडीची गोष्ट मला कळली ती बॉयलरच्या खोलीत. मी म्हटलं होतं, "ही चिमूटभर मशेरी माझ्या एवढ्या मोठ्या बॉयलरचं काम करनार? थापा मारू नका." त्यानं कोळसा उचलला आणि माझ्या भिंतीवर, चुना मारून आठवडा झाला नव्हता त्या भिंतीवर, एक मोठा डोंगर काढला.

"हा सिद्धगड. माल डोंगराच्या या बाजूला आहे, त्याला पलीकडे जायचंय. तुम्ही काय करता? खाली जाळ लावता, आणि तापून तापून माल डोंगर चढतो आणि पलीकडे उतरतो. बरोबर?"

"येडा कोन सिद्धगड चढून पलीकडं जातो?" मला राग आला. आमच्या डोंगराबद्दल कोणी काहीही बोलायचं म्हणजे काय? "जुन्नरला जायाचं तर नाणेघाटानं जातात. आमचा आजा तांदूळ घेऊन बैल न्यायचा तिथून."

साहेबाचे डोळे असे चमकले की मला वाटलं काही चुकलं.

"बैल गेले, तसा घाट पण जुन्नरला जायचा का?"

"घाट कसा जाईल? घाट जाग्यावर."

"हजार बैल गेले म्हणून घाट संपला?"

"नाय."

"मग झालं तर! हाच उत्प्रेरक. पुस्तकात एवढा अवघड शब्द लिहून ठेवलाय. माझी भुकटी म्हणजे घाट. ती वाट देते, स्वतः जिथल्या तिथे. आत टाकली तेवढी शेवटी गाळून परत निघते. डोंगर चढायचाच नाही, तर एवढा जाळ कशाला? अंघोळीच्या पाण्याइतकी ऊब पुरे, तेवढी विजेवरही मिळते."

मी त्या कोळशाच्या डोंगरावर बोट ठेवलं. मग विचारलं, "आन घाटात दरड कोसलली तर?"

"तर बैल खाली, आपण खाली, आणि जुन्नर वर," तो म्हणाला. "म्हणून लसूण बंद."

तेव्हा मला त्या माणसाची पहिल्यांदा भीती वाटली. तोवर वाटत होतं येडा आहे, चार महिने राहील, शेठ कंटाळेल, जाईल. आता कळलं की याचं खरं आहे. हा माझा बॉयलर बंद करणारच.

एका रविवारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं. का बोलावलं, मला अजून कळलेलं नाही. ज्याची आपल्याला धास्ती वाटते त्याला जेवू घालायची आमच्याकडे रीत असेल. हिनं तांदळाच्या भाकरी केल्या, सुक्या बोंबलाचं कालवण केलं आणि लसूण घालू का नको म्हणून दारापर्यंत विचारायला आली.

"घाला की वहिनी, सढळ हातानं घाला! आज भुकटीला सुटी आहे."

चार भाकरी खाल्ल्या बाबानं. बोटं चाटली. मग हिनं पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो, पण आमची ही माझ्या डोळ्यांना कधी घाबरली आहे?

"साहेब, एक इचारू? यांचा बॉयलर तुमी बंद केलात, तर आमी काय खायाचं?"

साहेबानं घास खाली ठेवला. तो भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटकडे बघत होता. त्यावरचं हळदकुंकू बघत होता.

"वहिनी, खोटं कशाला बोलू? ऊब किती वाचेल, लाकूड किती वाचेल, गाळ किती कमी होईल, सगळं काढलंय मी. हा हिशेब कधी काढलाच नाही. चुकलं माझं."

"मग काढा आता," ही म्हणाली, आणि त्याला आणखी भात वाढला.

जाताना उतारावर तो इंजिन बंद करायचं विसरून गेला. आवाज लांबपर्यंत येत राहिला.

शेठनं मोठ्या रिअ‍ॅक्टरवर तीन वेळा करून बघायची परवानगी दिली. तीनदा नीट जमलं तर बॉयलर काढायचा, नाहीतर साहेबानं आपलं सामान उचलायचं. पहिली बॅच जमली. दुसरीही जमली. आत काम चालू आहे की नाही हे बाहेरून कळायचं ते एका बाटलीवरून. रिअ‍ॅक्टरमधून निघणारा वायू एका नळीतून पाण्याच्या बाटलीत यायचा आणि बुडुक बुडुक वाजायचं. साहेब त्या बाटलीसमोर खुर्ची टाकून बसायचा आणि मांडीवर ताल धरायचा. बुडबुडे चालू तोवर घाट चालू.

तिसऱ्या बॅचच्या आदल्या संध्याकाळी साहेब लवकर गेला होता आणि झाकण साफ करताना कामगारांना रिअ‍ॅक्टरचं पांढरं गॅस्केट चिरलेलं दिसलं. गॅस्केट म्हणजे झाकणाखालची चकती, वाफ बाहेर येऊ न देणारी. तसलं टेफलॉनचं नवं कल्याणहून यायला दोन दिवस. सकाळी बॅच लागणार, शेठ स्वतः बघायला येणार. आता काय?

कंपनीत काहीही गळलं की लोक माझ्याकडे यायचे. माझ्याकडे सुरी होती, पंच होता, आणि बॉयलरमागे ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबचं एक वेटोळं मी जपून ठेवलेलं होतं. त्या ट्यूबमधून मी कंपनीची निम्मी गळती थांबवली होती आणि मला त्याचा अभिमान होता. मी माप घेतलं, झकास गोल कापलं, बसवलं. थेंब गळेल तर शपथ! देवाशप्पथ सांगतो, मनात काही वाकडं नव्हतं. शेठसमोर म्हाताऱ्याचं हसं व्हायला नको, एवढंच मनात होतं.

सकाळी बॅच लागली. बुडुक बुडुक सुरू झालं. शेठ खूश, साहेबानं ताल धरला. अर्ध्या तासानं बुडबुडे हळू झाले. मग एक, मग बऱ्याच वेळानं एक. मग बाटली गप्प.

साहेबानं बाटलीला टिचकी मारली. नळी बघितली. ऊब वाढवून बघितली. काही नाही. शेठ घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाले, "उद्यापासून पुन्हा बिडाचा कीस मागवतो," आणि निघून गेले. आणि त्या दिवशी आमच्या कंपनीतले सगळे माझ्याकडे बघून हसत होते. "वाचलास रे, बॉयलर राहिला तुझा!" माझीही छाती जरा फुगली, खोटं का बोलू?

दुपारी साहेब माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. एका सकाळीत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"विष लागलंय भुकटीला," तो म्हणाला. "गंधकच असणार. पण आलं कुठून? लसूण नाही. काडेपेटी नाही. सगळ्यांचे डबे तपासले मी. म्हणजे मालातच असणार. मालात असेल तर संपलं, ही वाट आपल्यासाठी नाहीच."

"गंधक आनखी कशा-कशात असतं?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"अंड्यात, कांद्यात, फटाक्यात... रबरात. कच्चं रबर चिकट असतं. गंधक घालून शिजवतात, तेव्हा त्याचे टायर-ट्यूब होतात."

त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, माझ्या ट्यूबचं वेटोळं खुंटीला टांगलेलं होतं. त्याला ते दिसत नव्हतं. मला तेवढंच दिसत होतं.

माझे पाय गार पडले. बॉयलरसमोर उभा असून गार पडले. डोक्यात भराभर सगळं आलं. गप्प राहिलं तर कोणाला कळणार? नवं पांढरं गॅस्केट आलं की बदलून टाकायचं. बॉयलर राहील, सर्टिफिकेटला हळदकुंकू राहील. आणि बोललो तर? बॉयलरवाल्यानंच रिअ‍ॅक्टरमध्ये विष घातलं म्हणतील. ज्याचा बॉयलर जाणार होता त्यानं! शेंबडं पोर सुद्धा विश्वास ठेवणार नाही माझ्यावर. नोकरी जाईल आणि नावही जाईल. मी ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात साहेब उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "एक मात्र बरं झालं हो. वहिनींना सांगा, बॉयलर राहिला. त्यांचा तो हिशेब मला काही सुटत नव्हता." आणि हसला. खरंच बरं वाटलं होतं त्या माणसाला. सगळं बुडालेलं असताना त्याला माझ्या घरच्या भाताचं बरं वाटलं होतं.

मला रडू आलं. आणि त्याहून जास्त राग आला. असल्या माणसावर धड रागावता पण येत नाही, याचा राग.

"साहेब," मी म्हटलं, "मागं बघा."

त्यानं मागं बघितलं. मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं, गॅस्केट चिरल्यापासून. त्यानं वेटोळं खुंटीवरून काढलं, माझी सुरी घेऊन एक तुकडा कापला, बॉयलरच्या जाळात धरला आणि नाकाशी नेला. जोरात ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. आणि खोकता खोकता त्यानं मला मिठीच मारली. त्याचा पांढरा शर्ट माझ्या कोळशानं काळा झाला.

"अहो अग्निहोत्री! म्हणजे घाट शाबूत आहे! नुसती दरड होती हो, नुसती दरड!"

मला तसाच हाताला धरून शेठकडे नेलं. शेठ भडकले, भडकणारच. "मुद्दाम केलंस तू! स्वतःचा बॉयलर वाचवायला!"

साहेबानं दारावरचा तो नियमांचा कागद उपटून आणला होता. तो शेठच्या टेबलावर ठेवला. "हा कागद माझा. लसणीवर अकरा ओळी आहेत, मोजा. रबरावर एक ओळ आहे? नाही. म्हणजे चूक कोणाची? आणि शेठ, मुद्दाम करणारा माणूस सांगायला येतो का? मी उद्या निघून जाणार होतो. यानं नुसतं गप्प बसायचं होतं."

शेठ कागदावर बोट फिरवत होते. मला वाटतं ते खरोखरच ओळी मोजत होते. "एक बॅच," ते म्हणाले. "शेवटची."

पांढरं गॅस्केट आलं. मीच बसवलं, साहेबानं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. नवी भुकटी पडली. सकाळी बुडुक बुडुक सुरू झालं ते दुपारच्या जेवणाच्या सुटीपर्यंत थांबलं नाही. माल निघाला लख्ख. गाळ नाही. काळी भुकटी गाळून पुन्हा डब्यात, टाकली तेवढी. शेठनं स्वतः जाऊन पेढे आणले. मी पेढा तोंडात टाकला, आणि तो गोड लागला याचं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी बॉयलर विझला. शेठनं माझ्यासमोरच साहेबाला विचारलं, "बॉयलर नाही, तर आता बॉयलरवाल्याचं काय करायचं?"

"हिशेब काढलाय मी," साहेब म्हणाला. "या भुकटीला धोका एकच, विष. आणि विष कधीतरी लागणारच, कुठून तरी येणारच. तेव्हा ते लपवणार नाही असा माणूस रिअ‍ॅक्टरवर पाहिजे. स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोललेला एकच माणूस तुमच्या कारखान्यात आहे. दुसरा मिळाला तर त्याला ठेवा."

शेठला दुसरा मिळाला नाही.

दोन महिने त्यानं मला शिकवलं. शिकवताना ओरडला, डोक्याला हात लावला, स्वतःचा चहाचा कप रिअ‍ॅक्टरच्या झाकणावर ठेवून विसरला. नियमांचा नवा कागद लिहिला, त्यात रबरावर बारा ओळी. "लसणीला राग येऊ नये म्हणून एकच जास्त," म्हणाला. मला म्हणायला लागला "घाटपांडे". अग्निहोत्री गेले, घाटपांडे आले. आमचं खरं आडनाव त्याला शेवटपर्यंत माहीत होतं का, शंका आहे. हिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सुटला एकदाचा हिशेब," आणि सर्टिफिकेटवरची धूळ पुसली. ते अजून तिथंच आहे, देवांच्या शेजारी.

त्या थंडीत कुत्र्याची पंचाईत झाली. पहिल्या गार सकाळी तो पाइपाच्या वळणाखाली गेला, हुंगलं, उठला. व्हॉल्व्हखाली गेला. पंपामागे गेला. सगळीकडे थंडगार. मग येऊन माझ्या पायांवर पाय टाकून, सुस्कारा सोडून झोपला. साहेब बघत होता. त्यानं वही ओढली, आता ती रिअ‍ॅक्टरची वही होती पण शेवटचा रकाना तोच होता, आणि लिहिलं: "कुत्रा: घाटपांड्यांच्या पायाशी." खाली शेरा मारला: "ही गळती बंद करू नये."

नंतर तो गेला. दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या कारखान्यात, दुसऱ्या कोणाच्या तरी पाइपावर हात ठेवायला. अधूनमधून फोन करतो. कसे आहात, घरी कसे आहेत, असलं काही नाही. "कुत्रा कुठे?" एवढंच. मी म्हणतो, "हितंच, पायाशी." तो म्हणतो, "मग ठीक," आणि ठेवून देतो. बोलण्यात सुद्धा ऊब वाया घालवत नाही.

परवा फोन आला तो मात्र वेगळा होता.

"घाटपांडे, इथला बॉयलरवाला माझ्याशी बोलत नाही. चहा देत नाही. स्टूल लपवून ठेवतो. मी काही सांगायला गेलो की जास्तच भडकतो. तुम्हीच बोला त्याच्याशी. देतो फोन."

फोन या हातातून त्या हातात गेलेला ऐकू आला. मग एक आवाज आला, जाड, चिडलेला. हा आवाज मी ओळखत होतो. माझाच होता तो.

"हां, बोला. कोन बोलतंय?"

काय सांगायचं त्याला? भिऊ नकोस म्हणू? साहेब चांगला आहे म्हणू? मला कोणी म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं का? मी पायाशी बघितलं.

"कोनी नाय रे भाऊ," मी म्हटलं. "पैलं मला येक सांग. तुज्याकडं कुत्रा कुठं झोपतो?"